महेश्वरच्या वरच्या पायरीवरून

इंदूरच्या मराठी माणसाला महेश्वरबद्दल सांगायला जाणं म्हणजे सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा कीस कसा करतात ते समजावण्यासारखं आहे. आपण सगळेच तिथे शाळेच्या सहलीला गेलोय, पाहुण्यांना घेऊन गेलोय, घरात लग्न ठरलं की साड्या आणायला गेलोय. मीसुद्धा लहानपणापासून दहा-बारा वेळा गेलो असेन. तरी या डिसेंबरमधल्या खेपेबद्दल लिहितोय, कारण इतक्या वेळा जाऊनही तिथली एक गोष्ट मी कायम चुकीची समजत आलो होतो.

आम्ही पाच जण होतो. आई, माझी ताई, मी, बायको आणि पहिलीतली आमची लेक. मी छत्तीस वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. वाढत्या मेंदूला जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच इजा झाली की असं होतं. ती इजा पुढे वाढत जात नाही, पण शरीराच्या हालचाली कायमच्या अवघड होऊन बसतात. ताई व्हीलचेअरवर असते. डावा हात थोडा चालतो, उजवा फारसा नाही. तिचं बोलणं संथ आणि जड आहे, नवीन माणसाला पटकन कळत नाही. डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. बिल्डिंगमधल्या दोन-तीन मुलांचा ती अभ्यास घेते, आणि आईच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा कारभार तिच्याच हातात आहे.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आई अडुसष्टची आहे आणि तिचे गुडघे बोलायला लागलेत. नाताळच्या सुट्टीत आम्ही इंदूरला आलो तेव्हा माझ्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेल शीट तयार होती. नाव होतं 'ताई – पुढे'. आईशी त्यावर बोलायचं होतं. घरात विषय निघेना, म्हणून मी म्हटलं, चला, महेश्वरला जाऊन येऊ.

जाम गेट

धामनोदवरून जायचं की महूवरून, यावर आमच्याकडे दर वेळी वाद होतो. ताईला महूचा रस्ता आवडतो, कारण त्या वाटेवर जाम गेट लागतं. अहिल्याबाईंनी बांधलेला हा दरवाजा विंध्याच्या अगदी काठावर उभा आहे. अलीकडे माळव्याचं पठार, आणि पलीकडे एकदम उतार पडून खाली पसरलेलं निमाड. पावसाळ्यात इथे ढग अंगावरून जातात आणि भुट्टे भाजणाऱ्यांची रांग लागते. डिसेंबरात गर्दी कमी होती, ऊन कोवळं होतं.

ताईला उतरवायचं म्हणजे खुर्ची काढा, उघडा, तिला उचला, पट्टा लावा. दहा मिनिटांच्या थांब्यासाठी आम्ही ते करत नाही. गाडी अशी लावतो की तिच्या खिडकीतून दरी दिसावी. घरून आणलेले पोहे, वर सेव आणि जिरावण. ताईचा चहा झाकणाच्या मगमध्ये, कोमट करून. चहावाल्याने मला विचारलं, "दीदी को शक्कर चलेगी?" मी म्हटलं, "हाँ, कम." ताईने डाव्या हाताने माझ्या मनगटावर चापट मारली. तिला जास्त साखर हवी होती.

ही माझी जुनी खोड. लहानपणापासून मी तिचा दुभाषा. नातेवाईक, डॉक्टर, शिंपी, सगळे मला विचारायचे आणि मी सांगायचो. सुरुवातीला ती काय म्हणाली ते सांगायचो. पुढे पुढे ती काय म्हणेल ते सांगायला लागलो. हे कधी बदललं ते माझं मलाच कळलं नाही.

समजूतदार मुलगा

घाट उतरताना मागच्या सीटवर ताई आणि लेक अंताक्षरी खेळत होत्या. ताईचा 'म' यायला वेळ लागतो, लेक थांबते. मी तिच्या वयाचा असताना थांबायचो का? थांबायचो. मी फार समजूतदार मुलगा होतो. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की माझं नावच वाटावं.

समजूतदार मुलगा म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी असं भावंड आहे त्यांना कळेल. शाळेच्या गॅदरिंगला एकच पालक येणार हे गृहीत धरायचं. बक्षीस मिळालं तर घरी हळू आवाजात सांगायचं. संध्याकाळी सगळे क्रिकेट खेळत असताना ताईच्या व्यायामाला बाबांच्या मदतीला थांबायचं. ताप आला तरी फार आला असं म्हणायचं नाही, कारण आई आधीच दमलेली असते. बाहेरच्या कॉलेजला नंबर लागत असताना इंदूरचंच कॉलेज घ्यायचं आणि "मला इथलंच हवं होतं" असं सांगायचं. लग्नाच्या वेळी मुलीकडचे खाजगीत विचारतात, "बहिणीचं आनुवंशिक तर नाही ना?" तेव्हा शांतपणे उत्तर द्यायचं. दोन स्थळं तिथेच थांबली. माझ्या बायकोने मात्र पहिल्या भेटीत विचारलं होतं, "ताईंना केव्हा भेटता येईल?"

मी तक्रार करत नाहीये. आईबाबांनी जे केलं ते बघत मी मोठा झालो, आणि ताईमुळे घरात जेवढं हसू होतं तेवढं मित्रांच्या घरी क्वचित पाहिलं. पण रागही येत असे. ज्याच्यावर रागवावं असं कोणीच नसल्यामुळे तो राग कुठे ठेवायचा हे कळत नसे. मोठं झाल्यावर एका रात्री वाचनात आलं की अमेरिकेत डॉन मायर नावाच्या गृहस्थांनी 1980 च्या दशकात अपंग मुलांच्या भावंडांसाठी 'सिबशॉप' नावाचे मेळावे सुरू केले. मुलं खेळतात, खातात, आणि मधे मधे बोलतात. राग येतो हे बोलतात, लाज वाटते हे बोलतात, भावंडाचा अभिमान वाटतो हेही बोलतात. आणि त्यांना एक प्रश्न हमखास पडलेला असतो: पुढे काय होणार? ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. हा प्रश्न पडणारे इतके जण असतात, हेच मला माहीत नव्हतं.

किल्ल्यावर

मंडलेश्वरहून महेश्वर जवळच आहे. गाडी किल्ल्याच्या आत, वरपर्यंत जाते, आणि व्हीलचेअरवाल्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. आतलं फरसबंद अंगण मात्र खडबडीत आहे. खुर्ची सरळ ढकलली तर पुढची छोटी चाकं दगडांच्या फटीत अडकतात आणि माणूस पुढे पडू शकतो. तिथे खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाकं पुढे घेऊन मागे मागे ओढायची. कोणाला न्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा.

अहिल्याबाईंचा वाडा पाहताना दर वेळी आश्चर्य वाटतं ते त्याच्या साधेपणाचं. 1767 ते 1795 अशी जवळजवळ तीस वर्षं माळव्याचा कारभार जिथून चालला, ती बसायची जागा एखाद्या जुन्या मराठी घरातल्या ओसरीसारखी. पांढरी गादी, लाकडी खांब, आणि रोजची शिवपूजा, ज्यात मातीची छोटी छोटी लिंगं करून पूजा झाल्यावर नर्मदेत सोडतात. लेकीने विचारलं, "यांना मुलं होती का?"

होती. मालेराव आणि मुक्ताबाई. मालेराव गादीवर आले आणि वर्षभरात, 1767 मध्ये वारले. त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं, असं माल्कमसारख्या इंग्रज अधिकाऱ्यानेही लिहून ठेवलंय. अहिल्याबाईंनी आई म्हणून काय सोसलं, त्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. पण मुक्ताबाई? त्यांचं नाव येतं ते यशवंतराव फणसे यांच्याशी झालेल्या लग्नाच्या गोष्टीत आणि पुढे त्या सती गेल्या त्या प्रसंगात. आपला भाऊ असा आहे हे बघत वाढलेल्या बहिणीला काय वाटत असेल, ते कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. मी हे मोठ्याने बोललो. ताई म्हणाली, "भावाला काय वाटत असेल तेही नाही लिहिलं."

मी हसलो, पण ते कुठेतरी लागलं.

नाव

वरच्या आवारातून नदी दिसते. तिथून घाटाकडे जायला भव्य दरवाजातून उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. अहिल्येश्वराच्या देवळावरून, छत्रीवरून खाली खाली जात त्या थेट पाण्यात शिरतात. खुर्ची तिथे नेता येत नाही. म्हणून आमच्या घराची पद्धत ठरलेली: ताई वर, आणि तिच्याजवळ कोणीतरी.

मी नऊ वर्षांचा असताना ते कोणीतरी म्हणजे आई होती. मी बाबांबरोबर खाली पळालो होतो. नावेत बसलो, नदीच्या मधल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आलो, पाण्यात हात घातला. वर आलो तर ताई रडत होती. हमसून हमसून. आई मला एवढंच म्हणाली, "तिला काय वाटलं असेल, जरा विचार कर." मी विचार केला. इतका केला, की त्यानंतर महेश्वरला मी कधीच नावेत बसलो नाही. कॉलेजच्या मित्रांबरोबर गेलो तेव्हाही नाही, लग्नानंतर बायकोबरोबर गेलो तेव्हाही नाही. घरचे बरोबर असले की सगळे खाली जायचे आणि मी ताईजवळ वर बसायचो. सत्तावीस वर्षं. मनातल्या मनात मला त्याचा थोडा अभिमानही होता.

या वेळी लेकीने हट्ट धरला. "बाबा, तूच चल नावेत." मी म्हटलं, आईबरोबर जा, मी आत्याजवळ थांबतो. ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "आत्याला एकटं वाटेल."

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिचं वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला, आणि मी पहिल्यांदाच मधे तोंड घातलं नाही.

"एकटं? आई आहे की इथे. तू का जात नाहीस कधी?"

मी सांगितलं. तो दिवस, ती रडत होती ते, आई काय म्हणाली ते. सांगताना माझा आवाज जरा हलला.

ताई हसायला लागली. ती हसली की सगळं अंग हसतं, खुर्चीसुद्धा हलते. म्हणाली, त्या दिवशी नवीन कॅलिपर घातले होते. गुडघ्याजवळचा पट्टा काचत होता. ती आईला सांगत होती, पण आईला कळेना, कारण रडताना तिचं बोलणं आणखी जड होतं. आईला वाटलं, नावेसाठी रडते. "मला नावेची भीती वाटते. तेव्हाही वाटायची. फुकट दिली असती तरी बसले नसते."

आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "रात्री पट्टा सोडला तेव्हा वळ दिसला होता गं. पण मी दोन्हीचा संबंध नाही लावला."

आम्ही प्रोग्रॅमर लोक चूक शोधताना सगळ्यात आधी एक गोष्ट शिकतो: लक्षण दिसलं म्हणजे कारण सापडलं असं नाही. आणि मी सत्तावीस वर्षं एका काचणाऱ्या पट्ट्यापायी नावेत बसलो नव्हतो. एकदा विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण समजूतदार मुलं विचारत नाहीत, समजून घेतात.

ताईचं संपलं नव्हतं. "तू जवळ बसतोस त्याचा त्रास नाही. तोंड पाडून बसतोस त्याचा होतो. वाटतं, माझ्यामुळेच."

एक्सेल शीट

मग विषय आपोआप निघाला. आईनेच काढला. मला बायकोसमोर, लेकीसमोर, तिथे उघड्यावर बोलायचं नव्हतं, पण आता झाकायला काही उरलं नव्हतं. मी सांगितलं की आईनंतर ताईने पुण्याला आमच्याकडे यायचं, इंदूरचा फ्लॅट विकायचा, खालच्या मजल्यावर मोठी जागा घ्यायची, आणि मी ताईचा कायदेशीर पालक व्हायचं. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तशी सोय आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमू शकते. या समितीत जिल्हाधिकारी असतात. मी अर्ज उतरवून घेऊन अर्धा भरलाही होता.

ताईने विचारलं, "माझा पालक कशाला?"

आणि याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गंमत म्हणजे कायद्यालाही हाच प्रश्न पडलेला आहे. समितीने आधी हेच बघायचं असतं की या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असली तर नेमकी कशासाठी. ज्याला स्वतःचे व्यवहार समजतच नाहीत अशा माणसासाठी तो मोठा आधार आहे, आणि ज्या घरांत गरज आहे त्यांनी आईवडील हिंडतेफिरते असतानाच ते काम करून घ्यावं. पण ताईला बँकेचं पासबुक माझ्यापेक्षा चांगलं कळतं. "सही करते मी," ती म्हणाली. "हळू करते, पण करते."

तिला पुणं नको होतं. तिचे विद्यार्थी इंदूरला, भजनी मंडळ इंदूरला, शेजारच्या काकू इंदूरला, ज्यांना तिचं बोलणं पहिल्या झटक्यात कळतं. तिला आपल्याच फ्लॅटमध्ये राहायचं आहे, दिवसभराची बाई ठेवून. माझ्या शीटमध्ये खर्चाचे रकाने होते. 'निरामय' विम्याचा होता, ज्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा उपचारखर्च मिळतो. आयकराच्या सवलतीचा होता, महागाईचा दर धरून वीस वर्षांचा हिशेब होता. ताईचं म्हणणं काय, हा रकाना नव्हता.

मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. माझं घर, माझी नोकरी, बायकोची नोकरी, सगळं उलटंपालटं होणार नाही याचं. आणि पाठोपाठ हायसं वाटल्याची लाज वाटली. बायकोला माझा चेहरा वाचता येतो. ती म्हणाली, "दोन्ही वाटू दे. आधी नावेत जाऊन ये."

पाण्यावरून

उतरताना पायऱ्या मोजायचं ठरवलं होतं, पण लेकीच्या वेगाने जमलं नाही. नाववाल्याने वर बघत विचारलं, "दीदी नहीं आएँगी? चार जने मिल के उतार लेंगे।" मी उत्तर देणार होतो, पण थांबलो आणि बायकोला फोन लावला. ताईचं "नाही" स्पीकरवर ऐकून तो हसला. म्हणाला, "साफ़ बोल दिया।"

नदीच्या मध्यातून महेश्वर दिसतं ते काही वेगळंच. वरून फक्त पाणी दिसतं. पाण्यातून सगळा डोंगर दिसतो: घाटाच्या लांबच लांब पायऱ्या, देवळांची शिखरं, तटाचे बुरूज, आणि सगळ्यात वर निळं आकाश. हे मी नऊ वर्षांचा असताना पाहिलं होतं आणि पार विसरलो होतो. बाणेश्वराच्या छोट्या देवळाला वळसा घालताना लेकीने पाण्यात हात घातला. मीही घातला. पाणी थंडगार होतं.

मग मी वर पाहिलं. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं: ताई काठाशी बसून नावेकडे टक लावून बघते आहे. मी हात हलवला. वर ताईची लाल शाल दिसत होती, पण तिचं तोंड दुसरीकडे होतं. ती आमच्याकडे बघतच नव्हती. नंतर कळलं, एक बाई साड्यांचं गाठोडं घेऊन आली होती, आणि ताई दोन्ही बाजूंनी नेसता येते ती महेश्वरी खरंच दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, ते तिच्याकडून उलटसुलट करून घेत होती. भाव करून साडी घेतलीही, राखाडी रंगाची, आईसाठी. स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून.

परतताना

इंदूरला पोचायला रात्र झाली. जेवण झाल्यावर आम्ही चौघं टेबलाशी बसलो, लॅपटॉप ताईच्या समोर ठेवला. पहिल्यांदा तिने शीटचं नाव बदलून घेतलं. मग पुण्याचे सगळे रकाने उडवले. काही गोष्टी तासाभरात ठरल्या: फ्लॅट विकायचा नाही, मृत्युपत्र या वर्षीच करायचं, दिवसाची बाई आईला होतंय तोवरच शोधायची, म्हणजे ताईचं बोलणं तिला शिकता येईल. शेजारच्या काकूंच्या भरवशावर सगळं टाकायचं नाही, यावर मात्र ताई आणि मी पहिल्यांदाच खरे भांडलो. बरं वाटलं भांडून. सत्तावीस वर्षांत मी तिच्याशी आवाज चढवून बोललो नव्हतो. भाऊ-बहीण असून.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं भावंड असेल, तर एवढंच सांगेन: त्याच्या मनात काय आहे ते ओळखू नका, विचारा. उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा. आणि आईबाबांनो, तुमच्या समजूतदार मुलालाही कधीतरी तसंच विचारा. आपल्या मंडळात गणपतीत चित्रकला असते, पाककृती असते. अशा घरांतल्या भावंडांसाठी एखादी दुपार, थोडा खेळ, थोडा खाऊ आणि थोडं बोलणं, एवढं करायला फार काही लागणार नाही. मी सुट्टी काढून येईन.

शीटमध्ये एक ओळ अजून रिकामी आहे. रात्रीचं काय? रात्री ताईला कूस बदलायला माणूस लागतं, आणि दिवसाची बाई सहाला घरी जाते. आम्ही बराच वेळ त्या ओळीवर अडलो. शेवटी ताई म्हणाली, "बघू. पण मी समोर असताना बघू."